मदत हवी आहे: खाजगी फोटोगॅलरीत खातं न उघडता प्रतिसाद लिहिता येतील अशी सोय

नमस्कार मंडळी,

माझ्या दिवंगत काकांनी देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात काढलेले जुने फोटो आम्ही भावंडांनी स्कॅन करून घेतले. खाऱ्या दमट हवेने बऱ्याच निगेटिव्हना बुरशी धरली होती, तरी जे हाती आलं ते मोलाचं आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं, दहीकाल्याच्या (जत्रेतल्या दशावतारी नाटकाच्या) रात्री रंगपटात तोंड रंगवणारे दशावतारी, बंदरावर मुंबईच्या बोटीची वाट बघणारी कुटुंबं. बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून (होडीतून) किनाऱ्याला यावं लागे, तेही एका फोटोत आहे.

यातली निम्मीअधिक माणसं आम्हाला ओळखू येत नाहीत. ओळखणारे ऐंशीच्या पुढचे. कोणी गावात, कोणी परळला, कोणी विरारला. त्यांनी प्रत्येक फोटोखाली नाव आणि आठवेल ते लिहावं एवढीच इच्छा आहे. पण फोटो सगळ्यांसाठी खुले करायचे नाहीत. लग्नघरातल्या बायका आहेत, मुलं आहेत, अंत्ययात्राही आहे.

गूगल फोटोजच्या लिंकवरून अल्बम कोणालाही बघता येतो, पण प्रतिसादासाठी गूगल खातं लागतं. आयक्लाउडचा अल्बमही वेबवर बघता येतो, प्रतिसादाला मात्र ॲपल खातं हवं. आमच्याकडे बऱ्याच वडीलधाऱ्यांच्या फोनवर नातवाचं खातं आहे, म्हणजे आजीने लिहिलेलं नातवाच्या नावावर दिसणार. कोण सांगतंय यालाच इथे किंमत आहे. आत्या तर स्पष्ट म्हणाली, "माका ता लॉगिन-बिगिन जमाचा नाय. फोटो दाखव, मी नाव सांगतंय."

व्हॉट्सॲप ग्रुप नको. तिथे चार दिवसांनी कुठलं नाव कुठल्या फोटोचं ते सापडत नाही. दुसरं काही आहे का?

सुरुबन: गूगल फॉर्म करा. प्रश्नाच्या जागी फोटो, खाली उत्तराची चौकट. उत्तर द्यायला खातं लागत नाही.

धागाकर्ता: सुचवल्याबद्दल आभार. पण फॉर्ममध्ये एकाचं उत्तर दुसऱ्याला समोर दिसत नाही. एकाने "हा बंदरावरचा तांडेल (होडीवरचा मुख्य खलाशी)" असं लिहिलं की दुसऱ्याला त्याच्या शेजारचा आठवतो. ते एकमेकांचं वाचतील अशीच सोय हवी.

खाडीपलीकडे: वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट बनवायच्या प्रणालीत) होईल. पानाला पासवर्ड लावा आणि 'प्रतिसादासाठी नोंदणी आवश्यक' ही खूण काढून टाका. पासवर्ड दिल्याशिवाय पान दिसत नाही आणि प्रतिसादही देता येत नाही, त्यामुळे स्पॅमचा त्रास जवळपास नाहीच. एकदा टाकलेला पासवर्ड ब्राउझर साधारण 10 दिवस लक्षात ठेवतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. प्रतिसाद पानाखाली येतात, फोटोखाली नाही. म्हणून एका फोटोला एक पान करा, सगळ्यांना पासवर्ड एकच ठेवा. आणि पासवर्ड पानाला लागतो, फोटोच्या फाइलला नाही. फाइलचा थेट पत्ता कोणाच्या हाती लागला तर फोटो उघडतो. अंत्ययात्रेचे आणि मुलांचे फोटो असतील तर मी हा मार्ग धरणार नाही.

पुळण: तुमच्या गरजेला पिविगो ही फोटोगॅलरीची प्रणाली बसेल असं मला वाटतं. मुक्तस्रोत आहे, 2002 पासून चालू आहे, पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) असलेल्या साध्या होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, चालतं. प्रतिसाद ज्या त्या फोटोखालीच येतात.

सगळे अल्बम खाजगी करा आणि एकच सदस्य तयार करून त्याचा दर्जा 'जेनेरिक' ठेवा. हा दर्जा अनेकांनी मिळून वापरायच्या खात्यासाठीच आहे. त्यातून कोणाला पासवर्ड बदलता येत नाही. मग सेटिंगमध्ये प्रतिसाद सगळ्यांना खुले करा, नाव सक्तीचं ठेवा, ईमेल ऐच्छिक. आत्या तिच्या नावाने लिहील, परळचे मामा त्यांच्या. मुलांनी फोनवर एकदा लॉगिन करून 'लक्षात ठेवा' वर टिचकी मारली की म्हाताऱ्या माणसांना काही करावं लागत नाही. प्रतिसाद तुम्ही मंजूर केल्यावरच दिसावेत अशीही सोय आहे, पण ती बंद ठेवा. लिहिलेलं लगेच दिसलं नाही तर ही माणसं पुन्हा लिहीत नाहीत.

धागाकर्ता: पुळणताई, मनापासून आभार. नेमकं हेच शोधत होतो. भाच्याचं होस्टिंग आहे, त्यावर येत्या रविवारी बसवतो. आता टायपिंगचं तेवढं सांगा. आत्याला मराठी कळफलक जमत नाही.

पुळण: कळफलकावरचा माइक दाबून बोलू द्या, भाषा मराठी निवडा. मालवणी शब्द उलटसुलट उमटतील, पण ते तिचेच राहू देत, तुम्ही खाली वेगळ्या प्रतिसादात शुद्ध करून लिहा. आणि नावं नक्की झाली की डिजिकॅमसारख्या प्रोग्रामने ती फोटोच्या फाइलमध्येच, आयपीटीसी (फोटोची माहिती फाइलमध्येच साठवायची पद्धत) वर्णनाच्या रकान्यात भरा. होस्टिंगचं भाडं भरायचं राहिलं तर गॅलरी जाते, फाइल तुमच्याकडे असते. दशावतारींची नावं आधी विचारा. स्त्रीपार्टी नट मेकअपमध्ये घरच्यांनाही ओळखू येत नाहीत, ते सांगणारे थोडेच असतील.