गाडीचं अ‍ॅव्हरेज १९ वरून १३ वर आलंय, मदत हवी आहे

वैतागलेला
नमस्कार मंडळी. गाडी पूर्वी १९ द्यायची, आता १३ च्या पुढे सरकत नाही. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करतो. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी "सर, सगळं ओके आहे" म्हणत इंजेक्टर क्लीनिंगचे पैसे लावले, काडीचा फरक पडला नाही. नेमकं काय बदलायचं एवढंच सांगा. "गाडी हळू चालवा" छाप सल्ले कृपया नकोत.

चौथा गियर
कोणती गाडी? कोणत्या सालची? पेट्रोल की डिझेल?

खडूस नाना
आणि चालवता कुठे? अहो, ज्योतिषीसुद्धा जन्मवेळ विचारतो.

वैतागलेला
पेट्रोल हॅचबॅक, १००० सीसी, २०१९. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढचे सगळे प्रतिसाद "पत्र्याचा डबा" आणि एअरबॅगवर जातील. पुण्यात चालवतो. आता सांगा.

सीएनजी झिंदाबाद
एवढा विचार कशाला करताय? किट बसवून टाका. माझी २६ देते.

चौथा गियर
२६ किलोला. ह्यांचे १३ लिटरला. एक किलो गॅसमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते, थेट तुलना कशी कराल?

सीएनजी झिंदाबाद
बरं, रुपयांत बोलू. निम्म्या पैशात काम होतं. बोला पुढे.

पंपावरचा शहाणा
मूळ कारण कुणी बोलायलाच तयार नाही. ई२०! पेट्रोलच्या नावाखाली पाचवा हिस्सा इथेनॉल घालतात आणि भाव मात्र पेट्रोलचा घेतात.

मळी
आला का ऊस मध्ये! इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात पैसा खेळतो, तेव्हा कुठे आमची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, वेळेवर निघते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक बंदी घातली, तेव्हा तुमचा एकही शहरी कैवारी आमच्या बाजूने बोलला नाही. आणि हल्ली मक्याचंही भरपूर इथेनॉल येतं. मक्याला शिव्या घाला की.

पंपावरचा शहाणा
तुमच्या एफआरपीसाठी माझ्या गाडीचे रबरी पाइप का कुजवायचे?

मेकॅनिकल ताई
दोघंही जरा थांबा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलच्या मानाने ६-७ टक्के घट. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी एवढीच घट धरली होती. त्यात २०१९ ला पंपावर मिळत होतं तेही निव्वळ पेट्रोल नव्हतंच. तरी पूर्ण ७ टक्के धरा. १९ मधून सव्वा-दीड किलोमीटर गेला. ह्यांचे सहा गेलेत. उरलेले साडेचार कुठे गेले?

वैतागलेला, तुम्ही अ‍ॅव्हरेज काढता कसं? टायरमध्ये हवा किती? रोजचा रस्ता कोणता?

वैतागलेला
आधी टाकी फुल करून काढलं होतं, तेव्हा बारामतीला होतो. आता डिस्प्लेवर १३.१ दिसतं. घर वाघोली, ऑफिस खराडी. जेमतेम ८ किमी आहे हो, लांब नाही. पण नगर रोडला पाऊण तास जातो. रस्त्याचं राहू दे, गाडी तीच, इंजिन तेच.

खडूस नाना
बारामती ते वाघोली! आणि हे आत्ता सांगताय.

मेकॅनिकल ताई
राहू कसं दे? सगळा हिशोब तिथेच आहे. पाऊण तासातली वीस मिनिटं गाडी नुसती उभी असणार. छोटं इंजिन एसी लावून उभं असेल तर तासाला अर्धा ते एक लिटर पितं. पाऊण लिटर धरलं तर वीस मिनिटांचं पाव लिटर झालं. पुढे ८ किमी चालायला, १८ च्या हिशोबाने, साधारण ४५० मिली. एकूण ७०० मिलीत ८ किमी, म्हणजे साडेअकरासुद्धा नाही. तुम्हाला १३ मिळतायत.

वैतागलेला
म्हणजे गाडीत काहीच बिघाड नाही असं म्हणायचंय? मग सहा किलोमीटर मी हवेत सोडून देऊ?

चौथा गियर
टायरचं उत्तर राहिलं.

वैतागलेला
हवा ३३ आहे. टायर नवेच आहेत, गेल्या वर्षी अलॉय टाकले तेव्हा घेतलेले. १७५/७० आर १४. पूर्वीचे १५५/८० आर १३ होते. त्याचा काय संबंध?

चौथा गियर
संबंध असा की जुन्या टायरचा व्यास ५७.८ सेमी, नव्याचा ६०. जवळजवळ ४ टक्के मोठा. ओडोमीटरला रस्ता दिसत नाही, तो फेरे मोजतो. तो १०० किमी दाखवतो तेव्हा गाडी १०४ च्या आसपास गेलेली असते. तुमचे १३.१ हे खरे १३.६ आहेत. अर्धा किलोमीटर फुकट परत मिळाला! मात्र जास्त रुंद, जड चाक दर सिग्नलला नव्याने फिरवायला पेट्रोल लागतं, ते वेगळं. आणि विमा कंपनीला कळवलंय ना?

वैतागलेला
टायर बदलणार नाही. पैसे घालून बसलोय.

खडूस नाना
मी सोपा उपाय सांगतो. उतार दिसला की न्यूट्रल. माझ्या फियाटला खंबाटकी उतरताना थेंबभर पेट्रोल लागत नसे.

चौथा गियर
नाना, ते कार्ब्युरेटरचे दिवस. हल्लीच्या गाडीत गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर इंधन बंदच करतात. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं. वर घाटात इंजिन ब्रेक, म्हणजे गियरमधलं इंजिन गाडीला रोखून धरतं ते, गेला, तापलेल्या ब्रेकवर सगळी भिस्त. कृपा करून असे सल्ले लिहू नका, कुणी ऐकेल.

खडूस नाना
वाघोली-खराडीत घाट कुठला आलाय! पण ठीक आहे, मागे घेतो.

स्टुटगार्टकर
आमच्याकडे उलटं मोजतात, १०० किमीला किती लिटर. तुमची गाडी ५.३ वरून ७.७ वर गेली, म्हणजे १०० किमीमागे २.४ लिटर जादा. ऑफिसचं येणं-जाणं महिन्याला ४०० किमी धरलं तर दहा लिटरही होत नाहीत. एवढी तगमग हजार रुपयांची आहे.

वैतागलेला
तुम्हाला युरोत पगार आहे, म्हणून "हजारच".

चौथा गियर
पण त्यांच्या आकड्याने सीएनजीचा निकाल लागला बघा. ४०० किमीचं पेट्रोल आत्ता सव्वातीन हजारांचं. निम्मे वाचले तर सोळाशे. ६० हजारांचं किट वसूल व्हायला तीन वर्षांहून जास्त. तोवर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) येते, ती दर तीन वर्षांनी करावीच लागते. आरसीवर नोंद, विम्यात बदल, डिकी गेली. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्याने जरूर बसवावं.

सीएनजी झिंदाबाद
मी रोज नव्वद पळतो. माझा विषय मिटला.

पहिली गाडी
मध्येच विचारते, रागावू नका. मला आठवड्यातून एकदाच गाडी लागणार आहे. इलेक्ट्रिक घेऊ की हायब्रिड?

खडूस नाना
रिक्षा.

मेकॅनिकल ताई
वैतागलेला, धागा भरकटायच्या आत एक शेवटचं. सकाळी गाडी चालू केल्यावर मीटरमध्ये निळा दिवा लागतो, तो किती वेळाने विझतो?

वैतागलेला
कधी कधी ऑफिस आलं तरी असतो. इंजिन थंड आहे म्हणजे चांगलंच ना?

मेकॅनिकल ताई
अजिबात नाही! तो दिवा पाच-सात मिनिटांत विझायला हवा. पुण्याच्या हवेत पाऊण तास राहतो म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, उघडाच अडकला असण्याची दाट शक्यता आहे. पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन तापतच नाही, आणि इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो. स्कॅनर लावून कूलंटचं तापमान बघायला सांगा. चांगलं गरम झालेलं इंजिन साधारण ८५-९५ अंशांवर असतं. तुमचं ६०-६५ वर अडकलेलं निघालं तर थर्मोस्टॅट बदला, कूलंटही नवं घाला. १९ नाही येणार, नगर रोड आहे तो. पण १४-१५ यायला हरकत नाही. आणि पुढचं अ‍ॅव्हरेज डिस्प्लेवरून नको. एकाच पंपावर, ऑटो कटपर्यंत टाकी भरून काढा.

वैतागलेला
हे पहिलं कामाचं उत्तर. शनिवारी दाखवतो. सर्व्हिस सेंटरला नाही, बाहेरच्या मेकॅनिककडे.

पंपावरचा शहाणा
तरीही ई२० चं काय?

संपादक
इथेनॉल, ऊस आणि एफआरपीवरचे यापुढचे प्रतिसाद शेतीच्या विभागात हलवले जातील.

रिमवाला
वैतागलेला, ते जुने १३ इंची स्टीलचे रिम पडून असतील तर द्यायचेत का? मी हडपसरला आहे, येऊन घेऊन जाईन.