नवऱ्यापासून खर्च लपवण्याबद्दल
‘त्यांना आधीच टेन्शन, घरखर्चाचं कानावर घालू नका’ हा नोकरी गेलेल्या नवऱ्याबद्दल इथं वर कोणी दिलेला सल्ला मला नाही पटला. आमचे हे कामाला होते ती हिंगणघाटकडची जिनिंग (कापसातून सरकी काढायची गिरणी) बंद झाली तेव्हा यांनी पानठेल्यावर जाणंच सोडलं होतं. कोणी विचारलं तर सांगायचं काय? मग किराण्याच्या उधारीची वही अन् बचत गटाचा हप्ता यांच्याकडेच सोपवला. तेल-चहापत्तीच्या आकड्यांवरून भांडलोही, पण माणूस बोलता झाला.

अन् ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सुटल्यावर मालकानं द्यायच्या पैशाचं, इथं कोणीच लिहिलं नाही. कायम नोकरीत सलग 5 वर्षं भरली असतील तर दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळतो, तोही 30 दिवसांच्या आत. पीएफ वेगळा. आमचे मालक गप्पच होते, लेखी अर्ज दिला तेव्हा कुठं हलले.