'मॅचिंग मोल': श्लेष की कोटी?

प्रश्न
हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यासमोर साड्यांचं दुकानच आलं. मॅचिंग ब्लाऊजपीस, तेही वाजवी मोलात! निघाला जॅझ-रॉक वाजवणारा ब्रिटिश बँड. इंग्रजीत 'मोल' म्हणजे मातीत बिळं करणारा, चिचुंद्रीसारखा प्राणी. पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर तसे दोन आहेतही. पण 'मॅचिंग' कशाला?

प्रतिसाद
कव्हर म्हणजे नुसती हूल. हे नाव कानाने वाचायचं. रॉबर्ट वायट हा 'सॉफ्ट मशीन'चा ड्रमर आणि गायक. त्या बँडचा चौथा अल्बम निघेपर्यंत गाणं पार हद्दपार झालं होतं, सगळा वाद्यांचा कारभार. १९७१ मध्ये तो बाहेर पडला आणि नव्या बँडला जुन्याचंच नाव दिलं, फक्त फ्रेंचमधून: 'माशीन मॉल'. इंग्रजी तोंडात त्याचं झालं 'मॅचिंग मोल'. १९७२ मध्ये दोन अल्बम काढले आणि त्याच वर्षी गाशा गुंडाळला. दुसऱ्याचं नाव 'लिटल रेड रेकॉर्ड', म्हणजे माओच्या लाल पुस्तकाला चिमटा. गड्याला खोडच होती!

(अवांतर: बँड पुन्हा उभा करायचं चाललं होतं, पण जून १९७३ मध्ये वायट खिडकीतून पडला आणि कमरेखाली अधू झाला. ड्रम सुटले, गाणं नाही सुटलं.)

प्रतिसाद
मग याला श्लेष म्हणू नये. 'जीवन' म्हणजे पाणी आणि आयुष्यही. वाक्यात दोन्ही अर्थ चपखल बसले की तो श्लेष. इथे 'मॅचिंग'चा अर्थ कशालाच लागत नाही, जुळतो तो फक्त उच्चार, तोही ओढूनताणून. सरळ कोटी म्हणा. आणि कोटी म्हणून झकास आहे.

प्रतिसाद
कोटीला सहमत. गंमत पुढे आहे. फ्रेंचमध्ये मऊला पुल्लिंगी 'मू', स्त्रीलिंगी 'मॉल'. मशीन तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून 'मॉल'. पुल्लिंगी असतं तर कोटी जन्मालाच आली नसती. हा शब्द लॅटिन 'मोलिस'वरून आला, आणि 'मोलिस' म्हणजे संस्कृत 'मृदु'चा चुलतभाऊ. 'मृदु'चं प्राकृतात 'मउ' झालं, तेच आपलं 'मऊ'. मूल्यातून आलेल्या आपल्या 'मोला'शी मात्र काही नातं नाही.

प्रश्नकर्ता
म्हणजे दुकान बंद! पण आपलं 'मऊ' लिंगाने बदलतच नाही: मऊ भात, मऊ भाकरी. कुणी 'ते मशीन' म्हणो, कुणी 'ती मशीन', मऊ ते मऊच. मराठीत अशी कोटी करायला वायटला दुसरं विशेषण शोधावं लागलं असतं.