लेकीला टोकियोला पाठवू की कुमामोटोला?

आम्ही दारव्ह्याकडचे, पाच एकर पऱ्हाटीवाले. लेक नर्सिंग शिकली, जपानीही शिकली. तिकडं म्हाताऱ्यांच्या सेवेचं काम मिळतंय. टोकियोत पगार जास्त, पण भाडं ऐकून मी खाटेवरच बसलो. कुमामोटोत खोली स्वस्त. मात्र 2016 च्या एप्रिलात तिथं दोन दिवसांत दोन मोठे भूकंप झाले. तिची माय तर रोज किल्लारीचं नाव काढते. काय करावं?

वाशीमकर: काका, भूकंपासाठी टोकियो टाळायचं की कुमामोटो, हा हिशेबच चुकीचा. 1923 ला टोकियोच उद्ध्वस्त झालं होतं. गाव नाही, इमारत बघा. जून 1981 नंतरच्या नियमानं बांधलेली आहे का, एवढं विचारायला सांगा. मी स्वस्तात जुन्या लाकडी घरात राहिलो. जरा हादरा बसला की न्हाणीचं दार अडकायचं. तीन महिन्यांत खोली बदलली. आणि भाड्याआधी ‘रेइकिन’ विचारा. ते घरमालकाला द्यायचं, परत मिळत नाही.

नर्सताई: भूकंपाचा विमा तिकडं घराच्या आगीच्या विम्याला जोडूनच मिळतो. करारात आगीचाच असेल तर भूकंपाची भरपाई नाही. उशाशी कपाट नको, बूट आणि बॅटरी हवी.

प्रश्नकर्ता: आत्ताच फोन केला. कुमामोटोची खोली 1978 च्या इमारतीत निघाली! दुसरी बघ म्हटलं. माय म्हणते, बूट उशाशी ठेवायचे म्हणजे काय घर आहे का?