आकाश ठेंगणे ‘होते’, ‘दिसते’ की ‘वाटते’?

सत्ता आणि डोळ्यांनी पाहणं यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. एक वाक्य असं: अधिकार हाती असलेल्यांना समोरचा माणूस आहे त्याहून बुटका दिसतो. इथे ‘आकाश ठेंगणे होणे’ बसेल का? आणि ‘पर्सेप्शन’ला मी ‘दृष्टिकोन’ लिहिलंय.

– ‘दृष्टिकोन’ नको, ते मत झालं. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत सेन्सेशन म्हणजे ‘वेदन’ आणि पर्सेप्शन म्हणजे ‘संवेदन’. पण ‘संवेदन’ वाचून लोकांना हळवेपणा आठवतो. एकदा ‘दृक्‌संवेदन’ लिहा, पुढे सरळ ‘दिसणं’.

– वाक्प्रचाराला माझी हरकत. लेक पहिली आली की आईलाही आकाश ठेंगणं होतं, त्यात कुठे सत्ता? ‘डोळ्यांवर धूर येणे’ जवळचं.

– धुरात समोरचं दिसतच नाही हो! इथे दिसतंय, फक्त लहान. शिवाय ‘ठेंगणा’ हा शब्द एरवी आपण माणसाच्या उंचीसाठीही वापरतो. मला ‘ठेंगणे’च पटतं.

– खरी मेख क्रियापदात आहे. १९६८ च्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात एकाच पाहुण्याची ओळख वेगवेगळ्या वर्गांना वेगवेगळी करून दिली: कुठे विद्यार्थी, कुठे व्याख्याता, कुठे प्राध्यापक. हुद्दा चढत गेला तशी मुलांनी सांगितलेली उंचीही चढली, विद्यार्थी ते प्राध्यापक चांगली अडीच इंच. (‘मोठा माणूस’ म्हणतो तो असा.) पण उंची विचारली ती तो वर्गातून गेल्यावर! मग तो उंच ‘दिसला’ म्हणायचं की उंच ‘आठवला’? ब्रूनर आणि गुडमन या मानसशास्त्रज्ञांचा १९४७ चा प्रयोग ‘दिसण्या’च्या जास्त जवळ जातो. दहा वर्षांच्या मुलांनी खुंटी फिरवून प्रकाशाचं वर्तुळ हातातल्या नाण्याएवढं करायचं होतं. मुलांची वर्तुळं बहुतेक नाण्यांपेक्षा मोठी झाली, गरीब घरच्यांची जास्तच. तरी हा डोळ्यांचा फरक की अंदाजाचा, यावर अभ्यासकांची अजून जुंपलेली आहे. त्यामुळे ‘दिसतो’ लिहून तो वाद तुम्ही परस्पर मिटवू नका.

– मग ‘भासतो’?

– ‘भास’ म्हटलं की नसलेलं दिसणं आलं. माणूस तर समोर उभा आहे.

– बरोबर. वाक्यात ‘ठेंगणा वाटतो’ करते. वाक्प्रचार फक्त शीर्षकात, आणि तिथे ‘होते’च, ज्याचं आकाश ठेंगणं झालंय तो काही ‘मला तसं वाटतंय’ म्हणत नाही. ‘दृष्टिकोन’ अकरा ठिकाणी निघाला, आता बसते खोडत.