बंद कारखान्याच्या जागेवर नवी वस्ती: आधी लँडस्केप की आधी इमारती?

कच्चा_नकाशा
नमस्कार मंडळी. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. बंद पडलेल्या एका फाउंड्रीच्या (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या) जागेवर नवी वस्ती होणार आहे, त्या टीममध्ये आहे. गेल्या आठवड्यात मास्टर प्लॅन हातात आला. रस्ते, प्लॉट, इमारती सगळं ठरलेलं, आणि उरलेल्या कोपऱ्यांत हिरवा रंग. मला सांगितलं, "तुम्ही फक्त झाडं सुचवा."

परवा जागेवर हिंडून आले. धातुमळीच्या (भट्टीतून निघालेल्या टाकाऊ मळीच्या) ढिगावर आपोआप रुजलेली झाडं पुरुषभर उंच झाली आहेत, आणि जिथे मुलांची बाग दाखवली आहे तिथे गवताचं पातंही नाही. रात्रभर तेच डोळ्यांसमोर होतं. जमीन आणि पाणी आधी, इमारती त्यानंतर, हे बैठकीत कसं पटवून देऊ?

मातीवाला
ताई, गवत उगवत नाही ती जागा सगळ्यात आधी खणून बघा.

माझी वीस वर्षं अशा जमिनी तपासण्यात गेली. एका साइटवर चाचणीखड्डा घेतला होता. वरची वीतभर माती छान तपकिरी. खाली विटांचे तुकडे, राख, आणि दीड मीटरवर काळा चिकट थर, डांबराच्या वासाचा. तासाभरात खड्ड्यात पाणी झिरपलं आणि त्यावर मोरपंखी तवंग पसरला. प्लॅनमध्ये नेमका तिथेच पावसाचं पाणी जिरवायचा चर होता. तो झाला असता, तर प्रत्येक पावसाने ते विष भूजलात ढकललं असतं. हेतू चांगला, जागा चुकीची.

म्हणून प्लॉट पाडण्याआधी दोन गोष्टी कागदावर हव्यात: जमिनीत कुठे काय मुरलंय, आणि पाणी कुठून कुठे जातं. माती स्वच्छ असेल तिथेच पाणी जिरवायचं. दूषित भागात चराला खालून अस्तर घालून पाणी पुढे न्यायचं. बेंझिनसारखी उडून जाणारी द्रव्यं असतील तिथे तळघर टाळायचं, कारण वाफ फटींतून घरात शिरते. शिसं असेल तर वर फरसबंदी करा किंवा स्वच्छ मातीचा जाड थर द्या, आणि खालची दूषित माती व वरचा थर यांच्या मध्ये रंगीत कापड अंथरा, म्हणजे पुढे कधी कुणी खणलं तर त्याला कळेल की इथे थांबायचं. एवढं झालं की इमारती कुठे बसतील हे जमीनच सांगते. उलट्या क्रमाने गेलात तर ट्रक भरभरून माती उचलायची आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची, एवढंच हातात उरतं.

आणि "झाडं माती शुद्ध करतील" असं बैठकीत बोलू नका. पॉप्लर, विलो काही द्रव्यं शोषतात, पण शिसं मातीला घट्ट धरून बसतं. अमेरिकेत सिअॅटलच्या जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर १९७५ साली उद्यान खुलं झालं. लँडस्केप आर्किटेक्ट रिचर्ड हाग यांनी तिथे जिवाणूंकडून माती सुधारण्याचा मार्ग धरला आणि तो मोठा विचार होता. तरी भूजलातल्या बेंझिनवर पुढे कितीतरी वर्षं काम करावं लागलं.

जुनी_चिमणी
बैठकीत जर्मनीतलं डॉर्टमुंड दाखव. फिनिक्स-ओस्ट हा पोलाद कारखाना २००१ साली बंद झाला. एम्शर नदी त्याच्या खालून, जमिनीत गाडलेल्या नळातून वाहत होती. ती उघड्यावर आणली, शेजारी २४ हेक्टरचा तलाव खणला, ऑक्टोबर २०१० मध्ये तो भरायला घेतला, आणि काठाने घरं, कार्यालयं उभी राहिली. पुराचं पाणी सामावून घेण्याचं कामही तलाव करतो. पाणी हा तिथे पायाच होता.

जर्मनीतल्याच ड्यूसबुर्गचं नाव कुणीतरी काढेलच. १९८५ साली बंद झालेल्या तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात लँडस्केप आर्किटेक्ट पेटर लाट्झ यांनी भट्ट्या तशाच राखल्या, ओतकामातल्या ४९ लोखंडी फरश्यांचा चौक केला. मला ती जागा फार प्रिय आहे. पण ते उद्यान आहे, तुझ्याकडे माणसं राहणार आहेत.

एक मात्र मनावर घे. डॉर्टमुंडच्या तलावाकाठची घरं महागली. ज्यांच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कारखान्याचा धूर सोसला, त्यांना काठावरचं घर परवडेना. परवडणारी घरं किती आणि पाण्यापासून किती लांब, हे लँडस्केपच्या नकाशासोबतच लिहून घे. नंतर कुणी ऐकत नाही.

कच्चा_नकाशा
दोघांचे मनापासून आभार. घरांचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. मातीवाला सर, माती तपासायचे बोअर किती अंतरावर घ्यायला सांगू?

मातीवाला
अंतराचं नंतर बघू. आधी कारखान्याचा जुना लेआउट मिळवा: तेलाच्या टाक्या, ट्रान्सफॉर्मर, प्लेटिंगचं (धातूवर मुलामा चढवायचं) शेड. आणि तिथे काम केलेलं कुणी सापडलं तर त्यांना घेऊन जागेवर चाला. साच्यांची वापरलेली ओतवाळू कुठे टाकत, ऑइल कुठे ओतत, हे कुठल्याच ड्रॉइंगवर नसतं.

कच्चा_नकाशा
तिथल्या एका निवृत्त फिटर काकांचा नंबर मिळाला आहे. आत्ताच बोलले. रविवारी सकाळी येतो म्हणाले. गवत नसलेल्या जागेचं सांगितलं, तर लगेच म्हणाले, "तिथे आमचा ॲसिडचा हौद होता."