मदत हवी आहे: 'जहाल' आणि 'मवाळ' हे शब्द मराठीत कधी रुळले?

नमस्कार मंडळी. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून वाजलं. मी म्हटलं, जरा समजुतीने घेऊ. त्यावर शेजारचे काका ताडकन म्हणाले, "तुम्ही मवाळच राहणार!" शिवी दिल्यासारखं. तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसलाय.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस जहाल आणि मवाळ अशी फुटली, खुर्च्या आणि जोडे उडाले, एवढं शाळेत शिकलो. गंमत पुढे आहे. त्याच वर्षी २ जानेवारीला कलकत्त्याच्या भाषणात टिळक म्हणाले होते की हे शब्द काळाप्रमाणे बदलणारे आहेत; कालचे जहाल ते आजचे मवाळ, आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. मवाळांनी पुढे, १९१८ मध्ये, वेगळी चूल मांडली आणि मराठीत 'प्रागतिक' म्हणवून घेतलं. 'मवाळ' त्यांना कधी आवडला असेल असं वाटत नाही.

आता मदत हवी ती अशी. हे दोन मराठी शब्द पक्षाच्या अर्थाने पहिल्यांदा कुठे छापून आले? 'केसरी'त की 'ज्ञानप्रकाशा'त? १९०५ ते १९०८ चे जुने अंक पुण्यात सामान्य वाचकाला कुठे चाळता येतील? केसरीवाड्यात आधी परवानगी लागते का? आणि 'जहाल' मूळचा कुठला? आमच्या घरी तो आजही फक्त ठेच्याला लागतो.

ऐकीव नको, अंकाची तारीख मिळाली तर फार बरं. काकांना दाखवायचीय.